अनुभव: शून्य वर्षे

४ मार्च

चि. ठकीस अनेक आशीर्वाद,

तिने माझ्या हातातून फॉर्म घेतला, ‘वाहन चालवण्याचा अनुभव’ या रकान्यात मी लिहिलेला अठ्ठावीस खोडला आणि वर शून्य लिहिलं. माझ्यासमोर, माझ्याच पेनने.

आता ती काउंटरवरची मुलगी साहेबांना विचारायला आत गेली आहे. मी विमा कंपनीच्या बाकावर बसून त्यांच्याच माहितीपत्रकाच्या कोऱ्या बाजूवर हे लिहिते आहे. समोर पंखा आहे, तो फक्त काउंटरच्या आतल्यांना वारा घालतो. फोनवर हे सांगता येणार नाही. फोन आला की तुझे बाबा स्पीकर लावून शेजारी खुर्ची ओढतात, आणि मला बोलायचं आहे ते त्यांच्याबद्दलच.

गाडी बदलायची हे तुला माहीत आहे. माझा डावा गुडघा आता क्लच दाबू देत नाही, म्हणून गिअर नसलेली घेतो आहोत. शोरूमवाले म्हणतात गाडी तयार आहे, विम्याचा कागद आणा आणि घेऊन जा. मला वाटलं अर्ध्या तासाचं काम. मागे दोनदा गाडी बदलली तेव्हा बाबांनी एक सही केली होती आणि जुनी सवलत नव्या गाडीवर आली होती.

यावेळी गाडी माझ्या नावावर आहे. सत्तरीनंतर बाबांनी लायसन्स पुन्हा काढलंच नाही. तर ही चष्मेवाली मुलगी मला समजावते की इतकी वर्षं एकही क्लेम नाही म्हणून जी सवलत मिळायची ती गाडीची नव्हे, माणसाची. पॉलिसीत माणूस एकच, तुझे बाबा. मुख्य चालक तेच. त्याखाली ‘इतर चालक’ असा एक रकाना आहे, त्यात बाबांच्या त्या छापल्यासारख्या अक्षरात लिहिलंय, नाही. दरवर्षी. तिने मला सगळी वर्षं पडद्यावर दाखवली. नाही, नाही, नाही.

म्हणून मी नवशिकी. बासष्ट वर्षांची नवशिकी, ती पण महागड्या गाडीत. त्याने हप्ता जुन्याच्या अडीचपट झाला. मी लायसन्स पुढे केलं. कडा झिजल्यात त्याच्या. ती म्हणाली की काकू, लायसन्स पुष्कळांकडे असतं, कपाटात.

ठके, आपल्याकडे गाडी कोण चालवतं हे जगात तिघांना माहीत आहे आणि त्यातली एक तू. मी त्या मुलीला काय सांगू? खरं सांगितलं तर बाबा खोटे ठरतात. नाही सांगितलं तर मी.

ती आली. साहेब म्हणतात की पॉलिसीधारकाने स्वतः लेखी दिलं की गाडी या चालवायच्या, तर विचार करता येईल. नक्की काही नाही. पुढल्या महिन्यात हे दर बदलतात, तेव्हा महिनाअखेरच्या आत या.

पुढचं घरी गेल्यावर लिहीन म्हणत होते, पण घरी लिहायला जागा कुठे? इथेच संपवते. माया आहेच, ती मोजायला कुणाच्या रकान्याची गरज नाही.

तुझी आई

---

९ मार्च

ती. आईस शि. सा. नमस्कार,

तुझं पत्र कोर्टातच उघडलं. जेवणाच्या सुट्टीत वाचायला घेतलं आणि सुट्टी संपल्यावर साक्षीदाराची पहिली दोन वाक्यं माझ्याकडून लिहायची राहिली. अकरा वर्षांच्या लघुलेखनात असं पहिल्यांदा झालं. न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं.

मला हप्त्याचा धक्का नाही बसला. मला त्या ‘नाही’चा बसला. तुला कळतंय का याचा अर्थ? पॉलिसीत तू कुठेच नव्हतीस. एकदा जरी कुणाला धडकली असतीस तरी कंपनीने हात वर केले असते. घर विकावं लागलं असतं. बाबांना हे माहीत होतं का, की लिहिताना नुसता हात फिरला? आणि तुला?

मला आठवतं ते एवढंच. फाटकातून बाबा गाडी बाहेर काढायचे. लाकडाच्या वखारीमागे थांबायचे. ते उतरून पुढून वळसा घालायचे, तू मागून, आणि जागा बदलायच्या. कधी तुमची टक्कर झाली नाही. मला सांगितलं होतं की बाबांना नकाशा बघायचा असतो. मला वाटायचं, सगळ्यांच्या घरी असंच करतात. दुसरीत मी चित्र काढलं होतं, आपली निळी गाडी आणि चाकावर तू, लांब वेणीसकट. बाबांनी ते बघितलं, खोडरबर घेतलं, वेणी पुसली आणि बारीक पेन्सिलीने मिशा काढल्या. इतक्या सुबक मिशा की बाईंनी चित्र भिंतीवर लावलं. मला बक्षीस मिळालं आणि मी घरी येऊन रडले. का रडते हे तुम्ही दोघांनी विचारलं नाही.

आता माझं म्हणणं. बाबांनी लिहून द्यावं. चार ओळी. मी दिवसभर लोकांचे जबाब उतरवते, बरीच माणसं याहून वाईट गोष्टी कबूल करून संध्याकाळी घरी जातात आणि जेवतात. त्यांना सांग. तू सांगत नसशील तर मी सांगते.

आणि तो गुडघा कुणाला दाखवलास की नाही? त्याचा जबाबही मला हवाय. तुझा आशीर्वाद इथल्या उन्हात सावलीसारखा लागतो, तो पाठवत राहा.

तुझी ठकी

---

१३ मार्च

चि. ठकीस आशीर्वाद विशेष,

तुझी आई पाच दिवस माझ्याशी कामापुरतं बोलते आहे. दार लावा. गोळी घेतली का. बाकी शांतता. तुझं पत्र तिने माझ्या ताटाशेजारी ठेवलं आणि ती गच्चीवर गेली. त्यामुळे मी ते वाचलं, मिशांसकट.

मी मुद्द्याचं लिहितो. मी त्रेचाळीस वर्षांचा असताना मला एकदा फिट आली. स्नानगृहात. तुझ्या आईने दार तोडलं. तू शाळेत होतीस. डॉक्टरांनी गाडी चालवू नका म्हणून सांगितलं. माझं काम जमिनी मोजण्याचं. स्वतःची गाडी आणि लायसन्स असेल तरच फिरतीची जागा, नाहीतर कचेरीत बसून दुसऱ्यांचे नकाशे गिरवायचे, तेही दोन पायऱ्या खालच्या पगारावर. आम्ही दोघांनी एका संध्याकाळी ठरवलं. मी एकट्याने ठरवलं असं तिने सांगितलं तर ते अर्धंच खरं आहे.

‘इतर चालक’ मध्ये तिचं नाव घातलं असतं तर एजंटने विचारलं असतं, कशाला? तो आमच्या खात्यातल्या निम्म्या लोकांचा विमा करायचा. आठवड्यात बातमी कचेरीत पोचली असती. म्हणून नाही लिहिलं. धडक झाली असती तर काय, हे मला माहीत होतं. तिलाही माहीत होतं. ती त्यामुळेच इतकी जपून चालवायची. मी शेजारी बसून रस्ता बघायचो, तो तिच्यापेक्षा जास्त.

आता उपाय सरळ आहे. नवी गाडी माझ्या नावावर घ्यायची. आपले डॉक्टर दाखला देतील, अठ्ठावीस वर्षांत पुन्हा काही झालेलं नाही. लायसन्स नवं करतो. सवलत माझ्याबरोबर नव्या गाडीवर येते. चालवायची तुझ्या आईनेच, आजवर चालवली तशी. हप्त्यातल्या फरकात माझी वर्षाची औषधं येतात. मी फॉर्म भरून ठेवला आहे. तिची साक्षीदार म्हणून सही हवी, ती देत नाही.

तू तिला समजाव. ती तुझं ऐकते. लेखी देण्याबद्दल पुन्हा लिहू नकोस. माझं निवृत्तिवेतन त्याच खात्याचं आहे. आणि एकाहत्तराव्या वर्षी काउंटरवर उभं राहून एका पोरीसमोर मी काय काय होतो हे सांगायची मला इच्छा नाही.

तुझी आठवण रोज निघते, आमच्यातली शांतता असली तरी. लोभ ठेवशीलच, राग थोडा कमी ठेव.

तुझे बाबा

---

१७ मार्च

ती. बाबांस शि. सा. नमस्कार,

मी आईला समजावणार नाही.

खात्याचं तुम्ही लिहिलंत म्हणून इथल्या एका वयस्कर वकिलांना नाव न सांगता विचारलं. ते हसले. म्हणाले की तेरा वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या माणसाच्या गाडीच्या विम्यावरून त्याच्या नोकरीची फाईल काढायला कुणाला वेळ आहे! तेव्हा तो मुद्दा बाजूला ठेवा. उरला दुसरा, पोरीसमोर उभं राहायचा.

त्याबद्दल मला इतकंच म्हणायचंय. आई लग्नाआधीपासून फोटो स्टुडिओत काम करायची, निगेटिव्हवर रिटच करायची, चेहऱ्यांवरचे डाग घालवायची. आत्याने एकदा मला सांगितलं होतं, त्या स्टुडिओत तिच्या हातासाठी लोक थांबायचे. तिने ते सोडलं तेव्हा सगळ्यांना सांगितलं की मुलीच्या शाळेमुळे. म्हणजे माझ्यामुळे. मी सत्तावीस वर्षं ते मानत आले, आणि कधी तिने माझ्यावर आवाज चढवला तर वाटायचं, बरोबर आहे, मी हिचं काम घालवलं. तुमचं पत्र वाचून तारखा लावल्या. ती माझ्यासाठी घरी नव्हती राहिली. ती तुमच्या शेजारी, खरं तर तुम्ही तिच्या शेजारी, कुठल्यातरी माळावर गाडीत बसलेली असायची, आणि तुम्ही उतरून मोजणीची साखळी ओढायचात.

तुम्ही दोघांनी ठरवलंत हे मला पटतं. मला तुमचा राग त्याचा नाही. पण नवा फॉर्म नवा आहे. त्यात पुन्हा ‘नाही’ लिहायचं आणि त्यावर तिचीच सही मागायची, हे तुम्ही आत्ता करताय.

उद्धट वाटलं तर माफ करा. वाटावं असंच लिहिलंय. आशीर्वाद मात्र मागते, तो तुम्ही भांडणातही देता.

तुमची ठकी

---

२२ मार्च

चि. ठकीस पोटभर आशीर्वाद,

मी संप केला आहे. हसू नकोस.

सोमवारी ह्यांनी डॉक्टरांचा दाखला आणला आणि फॉर्म पुन्हा माझ्यापुढे ठेवला, सही करायच्या जागी पेन्सिलीने फुली मारून. मोजणीच्या नकाशावर मारतात तशी. मी गाडीची किल्ली काढली, फॉर्मवर ठेवली आणि सांगितलं की चालक तुम्ही आहात, तर चालवा. तेव्हापासून मी गाडीला हात लावलेला नाही.

मंगळवारी त्यांना दवाखान्यात जायचं होतं. टॅक्सीने गेले. बुधवारी चष्म्याचं दुकान, टॅक्सी. काल शेजारच्या दातांच्या डॉक्टरांनी फाटकावरून विचारलं की गाडी बिघडली का? हे म्हणाले की हो, गिअरबॉक्स. डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले की वहिनींना विचारून बघा, त्यांना जास्त कळत असेल. ठके, त्याला सगळं माहीत आहे! तो आमच्या मागोमागच निघतो, वखारीवरूनच जातो, गेली पंधरा वर्षं. कधी चेहऱ्यावर दाखवलं नाही त्याने. ह्यांना वाटतं आपण काय शिताफीने करत होतो.

रात्री आमचं भांडण झालं. मोठं. ते म्हणाले की चार पैशांसाठी मी त्यांना उघडं पाडते आहे. मी म्हटलं की पैसे मी देते, अडीचपट तर अडीचपट, माझ्या बांगड्या आहेत. मग त्यांना कळेना की मला हवंय तरी काय. मलाही नीट सांगता येईना. माणूस इतकी वर्षं एक काम करतो, चांगलं करतो, आणि एक मुलगी पेनाने त्याचं शून्य करते. तिची चूक नाही. तिच्याजवळ जे लिहिलेलं होतं ते तिने वाचलं. ते लिहिलेलं माझ्या घरातल्या माणसाने लिहिलं आहे.

पुरात वाहून गेलेल्या रस्त्यावरून मी ह्यांना काढलंय. धुक्यात, खिडकीतून डोकं बाहेर काढून. तुला गालगुंड झालं तेव्हा एका हाताने. मला त्या सवलतीचं काय करायचंय? पण ह्यांनी एकदा ते कुणापाशी तरी म्हणावं. माझ्यापाशी नव्हे. मला माहीतच आहे.

स्टुडिओचं तू लिहिलंस ते ह्यांनी मला वाचून दाखवलं. मोठ्याने, अडखळत. तुझ्यामुळे सोडलं असं सांगत राहिले, त्याचा अपराध माझा आहे, ह्यांचा नाही. तो तू माझ्या नावावर लिही.

महिना संपत आला. शोरूममधून रोज फोन येतो. गुडघा दाखवला, उन्हाळ्यात बरा राहील म्हणतात. थकले आहे ठके. तुझी चार अक्षरं आली की बरं वाटतं, कोरडी असली तरी चालतील.

तुझी आई

---

२७ मार्च

चि. ठकीस आशीर्वाद,

तुझ्या आईने लिहावं असं हे पत्र, पण ती म्हणाली की तुम्हीच लिहा. तेव्हा झालं ते क्रमाने लिहितो.

परवा सकाळी मी कंपनीला द्यायचं पत्र लिहायला बसलो. पहिल्या मसुद्यात ‘काही वैद्यकीय कारणास्तव’ असं लिहिलं. दुसऱ्यात ‘सौभाग्यवतींच्या मदतीने’. तुझी आई मागे उभी होती की नाही मला माहीत नाही, पण ‘मदतीने’ मी स्वतःच खोडलं. सातव्या वेळी पत्र झालं. त्यात एवढंच आहे की मला अमुक साली फिट आली, त्यानंतर मी आमच्या गल्लीच्या वळणापलीकडे गाडी चालवलेली नाही, तीनही गाड्या माझ्या पत्नीने चालवल्या, डोंगरात, पावसात, रात्री, आणि एकाही गाडीला ओरखडा आलेला नाही. पॉलिसीत मी दरवर्षी लिहिलेलं खोटं होतं आणि ते मी जाणून लिहिलं.

आम्ही टॅक्सीने गेलो, कारण संप चालूच होता. टॅक्सीवाला फार वाईट चालवत होता. तुझी आई सगळा वेळ पायाने तळाला ब्रेक दाबत होती.

काउंटरवर तीच मुलगी. तिने पत्र वाचलं आणि साहेबांना बोलावलं. साहेब वयाने तुझ्याएवढे असतील. त्यांनी मला विचारलं की फिट म्हणजे नक्की काय झालं होतं. मी सांगितलं. मागे रांगेत पाचसहा माणसं होती. पहिल्यांदा ऐकू गेलं नाही, म्हणून दोनदा सांगावं लागलं.

त्यांनी बराच वेळ संगणकात पाहिलं. मग जे सांगितलं ते असं. कंपनी फक्त पॉलिसीत नाव असलेल्या चालकाची वर्षं धरते, पत्रावरून ती देता येत नाहीत, वरिष्ठांनीही नाही म्हटलं. आणि मी चुकीची माहिती दिली हे आता लेखी आल्यामुळे माझी सवलतही आजपासून रद्द. तुझ्या आईचा हप्ता अडीचपटच राहील. एक वर्ष क्लेम न करता गेलं की थोडा उतरेल, मग दरवर्षी थोडा थोडा. म्हणजे सदुसष्टाव्या वर्षी ती मी होतो तिथे पोचेल.

मला राग आला. खोटं लिहिलं तेव्हा यांनी दरवर्षी शुभेच्छापत्र पाठवलं. खरं लिहिलं तर सगळं काढून घेतलं. मी तसं म्हणालो, मोठ्याने. रांगेतल्या एकाने मान हलवली. साहेब म्हणाले की काका, नियम आहे.

तुझ्या आईने माझ्या बाहीला धरून मला मागे ओढलं. तिने पैसे भरले, बांगड्या न विकता, तिने बाजूला ठेवलेले होते. मग त्या मुलीला म्हणाली की ह्यांच्या पत्राची एक प्रत मला हवी, पोच मारून. मुलीने सांगितलं की त्याचा उपयोग काही नाही. आई म्हणाली की असू दे. मुलीने प्रत काढली, शिक्का मारला, तारीख घातली, सही केली. आईने ती चष्मा लावून तिथेच उभ्याने पूर्ण वाचली. मग घडी करून पर्समध्ये ठेवली.

संध्याकाळी नवी गाडी घरी आणली. आईने चालवली, मी शेजारी होतो. दातांचे डॉक्टर फाटकात उभे होते. त्यांनी मला काही विचारलं नाही, तिचं अभिनंदन केलं.

तुझ्या पत्रातली ‘वाटावं असंच लिहिलंय’ ही ओळ उद्धट होती आणि तिच्या आधीच्या सगळ्या बरोबर होत्या. या घराचा लोभ तुझ्यावर आहे तसाच राहील, तुझा आमच्यावर राहू दे.

तुझे बाबा

ता. क. २८ मार्च. पाकीट काल बंद करायचं राहिलं. आज सकाळी दहा वाजता तुझी आई गाडी घेऊन गेली. मी निघायला चपला घातल्या होत्या, ती म्हणाली की तुम्ही थांबा. मी सोबत असल्याशिवाय तिला कधी गाडी बाहेर काढता आली नव्हती, हे मला ती फाटकाबाहेर गेल्यावर लक्षात आलं. पावणेबाराला परत आली. कुठे गेली होती ते मी विचारलं नाही.